कोसाडची काळी माती आणि देवदाराखालची तपकिरी माती

कोसाड हे गाव आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. मुंबईहून बडोद्याकडे जाणारी गाडी सुरत सोडून तापीचा पूल ओलांडते, उतराण मागे पडते आणि लगोलग कोसाडचे लहानसे स्थानक येते. मोठ्या गाड्या तेथे थांबत नाहीत. एके काळी हे भातउसाचे गाव होते. सन २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीला महापूर आला, उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याखाली सुरत शहराचा बहुतेक भाग गेला, आणि पुढे नदीकाठच्या झोपड्यांत राहणाऱ्या हजारो कुटुंबांना जी नवी घरे मिळाली त्यांची मोठी वसाहत याच कोसाडच्या शिवारात उभी राहिली. आज तेथे शेताचा मागमूस थोडाच उरला आहे. परंतु घरे कितीही उठली तरी खालची माती बदलत नाही, आणि आम्हां उभयतांना गेली बावीस वर्षे त्या मातीशीच गाठ पडली आहे.

आम्ही मूळचे वसईकडील. आमच्या वाडवडिलांची वाडी रेताड, भुसभुशीत मातीची. पाऊस कितीही कोसळला तरी केळीच्या आळ्यात पाणी फार वेळ ठरत नसे. ते मुरून जाई किंवा पाटाने बावखलात उतरे. माती ओली असते, चिखल नसतो, हेच आम्ही लहानपणापासून पाहत आलो. नोकरीनिमित्त सुरतेस आलो, एका कापड कारखान्यात हिशेबनीस म्हणून उमेदीची वर्षे काढली आणि निवृत्तीच्या आधी कोसाडला परसदार असलेले लहानसे घर घेतले. परसात वसईहून आणलेले आंब्याचे कलम लावले. पहिल्या पावसाळ्यात ते पिवळे पडले, दसऱ्यापर्यंत गेले. दुसरे लावले, तेही गेले. तिसऱ्याच्या वेळी मी मुळे उपटून पाहिली. ती काळी पडून कुजली होती आणि त्यांना सडक्या अंड्यासारखी घाण येत होती. परसाच्या कुंपणभिंतीला तर दर उन्हाळ्यात तिरपा तडा जाई व पावसाळ्यात तो जवळजवळ मिटे. शेजारचे वृद्ध पटेलकाका म्हणत, “भाई, ही काळी जमीन आहे. ही श्वास घेते.”

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. ही माती तापीने आणलेली. मध्य प्रदेशातील मुलताईजवळ उगम पावून ही नदी सुमारे ७२४ किलोमीटर वाहते, खानदेशाच्या काळ्या पाषाणाची झीज वाहून आणते आणि सुरतेच्या सपाटीवर तिचा गाळ पसरते. खानदेशची माती आणि खानदेशची माणसे, दोन्ही याच तापीच्या वाटेने सुरतेत आली, असे मी आमच्या मागावर काम करणाऱ्या अहिराणी बोलणाऱ्या मित्रांना थट्टेने म्हणत असे. या मातीचे कण इतके सूक्ष्म व चपटे असतात की पाणी त्यांच्या पापुद्र्यांमध्ये शिरते आणि माती फुगते. ऊन लागले की तीच आक्रसते. मे महिन्यात आमच्या परसात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसाचे पाणी या भेगांतून गडप होते. पण चारसहा सरी झाल्या की माती फुगून भेगा बंद होतात आणि मग वरचे पाणी वरच राहते. अशा जागेला आपल्याकडे चिबड म्हणतात. एक गोष्ट मात्र या मातीच्या बाजूने सांगितली पाहिजे: पाऊस गेल्यावर महिनोन्‌महिने ती ओल धरून ठेवते, म्हणूनच कापसाला व ज्वारीला ती मानवली. तिच्यात दोष नाही. जे झाड तिचे नव्हे ते मी तिच्यात लावीत होतो.

हे सारे मला तेव्हा इतके स्पष्ट कळले नव्हते. ते कळले हिमाचल प्रदेशातील नारकंड्याच्या डोंगरावर. तेथे जाण्याचे कारण सहलीचे नव्हते.

आमचा धाकटा चिरंजीव स्थापत्य अभियंता आहे. शिमल्याच्या पलीकडे एका रस्त्याच्या कामावर तो नोकरीस लागला होता. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात त्याने बांधून घेतलेली एक आधारभिंत एका रात्री कोसळली. जीवितहानी झाली नाही, ही देवाची कृपा. पण खालच्या एका बागवानाचा गोठा आणि सफरचंदाच्या झाडांची एक रांग दरडीखाली गेली. त्यानंतर त्याचे फोन आखूड झाले. “बरा आहे, बाबा,” एवढेच म्हणे. नाताळला घरी आला नाही. अखेर आमच्या सौभाग्यवतींनी एप्रिलमध्ये निक्षून सांगितले, “तुम्ही जाऊन पाहून या. मला त्याचा आवाज ठीक वाटत नाही.” म्हणून मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, साठी उलटल्यावर, मी प्रथमच हिमालयाच्या वाटेला लागलो.

सुरतेहून दिल्ली, दिल्लीहून कालका. कालक्यापासून शिमल्यापर्यंत अरुंद रुळांची ९६ किलोमीटरची जी रेल्वे १९०३ साली सुरू झाली, तिच्या डब्यात मी पहाटे बसलो. कालका समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंच, शिमला दोन हजारांच्या वर. गाडी वळणावळणाने चढते आणि खिडकीबाहेर झाडे पायऱ्यापायऱ्यांनी बदलत जातात. प्रथम आपल्या ओळखीची काटेरी झुडपे. मग चिडाची उंच, विरळ झाडे. शिमला जवळ येऊ लागला की बान नावाचा ओक आणि देवदार. शिमल्याच्या अलीकडे समर हिल स्थानकाजवळ सर्व प्रवासी एका बाजूच्या खिडक्यांशी गोळा झाले. १४ ऑगस्ट २०२३ रोजी येथे दरड कोसळली, एक शिवमंदिर तिच्याखाली गेले आणि श्रावण सोमवारी पूजेला जमलेले वीस लोक मरण पावले. खालची माती वाहून गेल्याने याच रेल्वेचे रूळ कित्येक दिवस हवेत लोंबकळत राहिले होते. डब्यात थोडा वेळ कोणीच बोलले नाही.

चिरंजीव स्थानकावर आला होता. वाळला होता. शिमल्याहून कुफरी, ठियोग, मतियाना असा मोटारीचा रस्ता नारकंड्यास जातो. शिमल्याचा माथा म्हणजे मोठा पाणलोट आहे. त्याच्या एका उतारावरचा थेंब सतलजेला मिळून अरबी समुद्राकडे निघतो आणि दुसऱ्या उतारावरचा यमुनेला मिळून बंगालच्या उपसागराकडे. वाटेत मी एक गोष्ट टिपली. डोंगराची जी बाजू उत्तरेकडे तोंड करून आहे ती गर्द झाडीने भरलेली, आणि दक्षिणेकडची बाजू बहुधा गवताची, उघडी. एकाच डोंगराची ही दोन रूपे पाहून मी कारण विचारले. उत्तरेच्या उतारावर ऊन तिरपे व थोडे पडते, बर्फ उशिरापर्यंत राहते, ओल टिकते. म्हणून तेथे जंगलही दाट आणि मातीही जाड. दक्षिणेच्या उतारावर ऊन बर्फ लवकर वितळवते, माती सुकते, आणि गुरांचा व वणव्यांचा त्रासही तेथेच अधिक.

नारकंडा सुमारे सत्तावीसशे मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात आम्ही कोसाडला पंख्याखाली तळमळत असतो, तेथे मी रात्री दोन रजया घेऊन झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी चिरंजीव कामावर गेल्यावर मी एकटाच हाटू शिखराकडे जाणाऱ्या वाटेने जंगलात शिरलो. या उंचीवर देवदाराबरोबर कैल आहे, आणि आणखी वर चढले की रई, तोश व खरशू लागतात. खोडे देवळाच्या खांबांसारखी सरळ. आदल्या रात्री पाऊस झाला होता. मला सवयीने वाटले की आता पाय चिखलात रुततील, म्हणून जपून पाऊल टाकले. पाय गादीवर पडावा तसा पडला. खाली चिखल नव्हताच. रात्रभराचा पाऊस कोठे गेला?

वाटेच्या कडेला डोंगर कापलेला होता, तेथे थांबून मी त्या मातीचे पोट नीट पाहिले. सर्वांत वर देवदाराच्या सुयांचा, पडलेल्या शंकूंचा आणि सालीच्या तुकड्यांचा सैल थर. त्याखाली त्याच सुया अर्धवट कुजून काळ्याकपिल्या झालेल्या, बोटांनी दाबल्या तर स्पंजासारख्या दबणाऱ्या, पांढऱ्या बुरशीच्या तंतूंनी एकमेकींत विणलेल्या. त्याखाली वीतदीडवीत गडद तपकिरी, दाणेदार माती, मुळांनी भरलेली. मग हळूहळू पिवळसर तांबूस होत जाणारी, दगडाच्या चिपा मिसळलेली माती. तिच्यात अभ्रकाच्या चकत्या उन्हात चमकत होत्या. आणि तळाशी हाताने सुटणारा कुजका खडक, आपल्याकडे ज्याला मुरूम म्हणतात त्याच जातीचा. साऱ्याची जाडी माझ्या कमरेइतकीही नव्हती.

वसईला केळीचे पान एका पावसाळ्यात मातीत मिसळून जाते. येथे थंडीमुळे कुजण्याचे काम अतिशय सावकाश चालते. वर्षातील कित्येक महिने तर ते थांबलेलेच असते. त्यामुळे सुयांवर सुया साठतात आणि त्यांचा जाड काळा थर तयार होतो. हिवाळ्यात खडकाच्या फटींतील पाणी गोठून फुगते व खडक फोडते, त्यातून मातीला वाळू आणि चिपा मिळत राहतात. म्हणून ही माती खरबरीत, सच्छिद्र. वरून पडणारा पाऊस प्रथम झाडांच्या शेंड्यांवर आपटून बारीक होतो, मग सुयांच्या थरावर उतरतो, तेथून मुळांच्या वाटांनी व दगडांच्या फटींनी खाली झिरपतो, आणि जेथे पक्का खडक लागतो तेथे त्याच्या पाठीवरून उताराने आडवा सरकत जाऊन कोठेतरी खाली झरा होऊन बाहेर येतो. माथ्यावर पडलेले पाणी पृष्ठभागावरून धावत नाही. ते डोंगराच्या अंगातून चालत जाते.

याचा पुरावा मातीच्या रंगात असतो, हे मला चिरंजीवाने संध्याकाळी समजावून सांगितले. मातीत लोह असते. जेथे पाण्याबरोबर हवाही खेळते तेथे ते गंजते, आणि गंज तपकिरी, पिवळा किंवा तांबडा असतो. जेथे पाणी वर्षभर तुंबून राहते व हवा कोंडते, तेथे गंज टिकत नाही आणि माती राखी, निळसर दिसू लागते. म्हणून खड्डा खणून आत पाहिले की पाऊस नसतानाही सांगता येते, या जागी पाणी राहते की जाते. अतिथंड प्रदेशांतील सूचिपर्णी जंगलांत आणखी एक चमत्कार घडतो. सुयांतून झिरपणारे आंबट पाणी वरच्या मातीतील लोह धुऊन खाली नेते, आणि सुयांच्या थराखाली राखेसारखा फिकट पट्टा मागे राहतो. रशियन शेतकरी अशा मातीला ज्या नावाने ओळखत त्यात राखेचाच शब्द आहे. पॉडझॉल हे ते नाव. एकोणिसाव्या शतकात दोकुचायेव या रशियन शास्त्रज्ञाने मातीचा अभ्यास स्वतंत्र शास्त्र म्हणून उभा केला तेव्हापासून ते जगभर रूढ झाले. हिमालयात असा ठळक पट्टा सर्वत्र सापडत नाही. येथे बहुधा तपकिरी जंगलमातीच आढळते. मी नारकंड्यास दोन ठिकाणी खरवडून पाहिले, मला तो दिसला नाही, आणि थोडी निराशाही झाली, हे कबूल करतो.

ही माती सुपीक आहे असे मात्र कोणी समजू नये. सतत धुतली गेल्याने तिच्यातील चुन्यासारखी सत्त्वे निघून जातात, ती आंबट असते. देवदार तीवर जगतो तो आपलेच गळलेले अन्न पुन्हा खाऊन. वरचा काळा थर खरवडून नेला की उरते ती चिपा मिसळलेली हलकी जमीन. ही हातभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात, आणि उतारावर ती जागी राहते ती केवळ मुळांनी धरून ठेवल्यामुळे.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. चिरंजीव म्हणाला, “बाबा, माझ्याबरोबर एका घरी याल? मी दर रविवारी तेथे जातो.” मी काही विचारले नाही. तासभर उतरून आम्ही त्या बागवानाच्या घरी पोहोचलो.

सत्तरीचा, अंगाने काटक, डोक्यावर हिरव्या मखमली पट्टीची हिमाचली टोपी. त्याच्या बागेच्या वरच्या बाजूस तुटलेल्या भिंतीची जखम अजून उघडी होती आणि तिच्याखाली दगडमातीचा लोंढा थिजल्यासारखा पडला होता. म्हाताऱ्याने आम्हांला चहा दिला. माझ्या मुलाला तो ‘बेटा’ म्हणत होता. मी मोडक्या हिंदीत म्हणालो की आमच्या मुलाच्या हातून तुमचे नुकसान झाले, बाप म्हणून मला लाज वाटते. त्याने हात हलवला. “गायी मी त्या संध्याकाळीच खाली आणल्या होत्या,” तो म्हणाला. “भिंतीने पोट काढलेले मला दिसले होते. मी येऊन सांगितलेही होते. पण ते याला नाही, मुकादमाला.” चिरंजीव मान खाली घालून बसला होता.

मग त्याने मला भिंतीपाशी नेले व काय घडले ते दाखवले. भिंत चांगली जाड होती, सिमेंटही कमी नव्हते. पाणी बाहेर पडावे म्हणून तिच्यात नियमाप्रमाणे भोकेही ठेवली होती. परंतु भिंतीच्या पाठीशी दगडगोट्यांचा जो थर भरायचा असतो तो घाईत न भरता तेथे कापून काढलेली मातीच लोटली होती. पहिल्याच पावसात त्या मातीचा राडा होऊन भोके बुजली. डोंगराच्या अंगातून उतरणारे पाणी, जे हजारो वर्षे त्याच वाटेने जात होते, ते भिंतीमागे येऊन थांबले. पाणी थांबले की त्याचा भार होतो. माती भिजून जड होते, तिची पकड सुटते, आणि मग कितीही जाड भिंत असो. “या डोंगराने कधी पाणी अडवून ठेवले नाही,” म्हातारा म्हणाला. “तुम्ही त्याची वाट कापलीत तर कापा, रस्ता आम्हांलाही हवा आहे. पण मग त्याला दुसरी वाट काढून द्या.”

मला आपल्याकडील गावे आठवली. आंबेगाव तालुक्यातील माळीण, ३० जुलै २०१४. एका सकाळी दीडशेच्या आसपास माणसे गेली. महाडजवळचे तळीये २०२१ च्या जुलैत, खालापूरची इर्शाळवाडी २०२३ च्या जुलैत. सह्याद्रीचा दगड निराळा, पाऊस कितीतरी अधिक, आणि प्रत्येक ठिकाणचे कारण वेगळे तपासावे लागते. परंतु उतारावरची माती जेवढे पाणी सोडू शकते त्याहून अधिक तिच्यात शिरले की ती चालू लागते, एवढे सर्वत्र सारखे आहे.

चहानंतर म्हाताऱ्याने बाग दाखवली. झाडांवर बोराएवढी हिरवी फळे धरली होती. या भागातील सफरचंदांची कथा सर्वज्ञात आहे. सॅम्युएल स्टोक्स नावाचा तरुण अमेरिकन १९०४ साली सबाथूच्या कुष्ठाश्रमात सेवेसाठी आला, पुढे कोटगढला येथील मुलीशी विवाह करून स्थायिक झाला, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगातही गेला आणि नंतर सत्यानंद स्टोक्स म्हणून ओळखला गेला. १९१६ च्या सुमारास त्याने अमेरिकेतून गोड सफरचंदांची रोपे आणून थानेदारजवळ लावली, आणि गरीब डोंगरी शेतकऱ्यांचे दिवस पालटले. मी म्हाताऱ्याला विचारले की सफरचंदाला येथे नेमके काय मानवले. मला वाटले तो थंडी म्हणेल. थंडी तर हवीच, त्याशिवाय कळ्या उमलत नाहीत. हिवाळे पूर्वीसारखे कडक राहिले नाहीत म्हणून खालच्या बागा अडचणीत येऊन लोक वर वर सरकत आहेत, हेही त्याने सांगितले. पण त्याने प्रथम पायाखाली बोट दाखवले. सफरचंदाच्या मुळांशी पाणी राहिले की बुंधा कुजतो व झाड दोन वर्षांत जाते.

मी आमच्या आंब्याच्या कलमांची हकिगत सांगितली. म्हाताऱ्याला हसू आले. त्याने कुदळ घेऊन हातभर खोल खड्डा खणला, त्यात बादलीभर पाणी ओतले व मला घड्याळ पाहण्यास सांगितले. पाणी पाहतापाहता खाली गेले. आमचे बोलणे संपेपर्यंत खड्ड्याचा तळ दिसू लागला. मग त्याने त्याच खड्ड्यातली चिमूटभर माती माझ्या तळहातावर ठेवली. ती थंड व ओलसर होती, दाबली की गोळा होई, बोटाने टोचली की फुटे. आमच्याकडे शेतकरी वाफसा म्हणतात तो हाच. पाणी निघून गेले होते, ओल राहिली होती. मोठ्या फटींतील पाणी खाली उतरते आणि तेथे हवा येते. बारीक फटी आणि कुजलेल्या पानांचे कण आपल्या वाट्याची ओल धरून ठेवतात. इतकी वर्षे मी निचरा होणारी जमीन म्हणजे कोरडी जमीन असे धरून चाललो होतो.

परतताना वाटेत गावाची बावडी लागली. दगडी कोनाड्यातून अंगठ्याएवढी धार पडत होती, काचेसारखी. बायका घागरी भरत होत्या. चिरंजीव म्हणाला की रस्त्यांच्या कामात अशा कित्येक बावड्यांच्या वाटा तुटल्या, आणि वरचे जंगल विरळ झाले तेथे झरे आटले. मग बराच वेळ तो गप्प चालत होता. अखेर म्हणाला, “बाबा, मी राजीनामा लिहून ठेवला आहे.”

मी हिशेबनीस माणूस. मला भिंतीतले काय कळणार? मी एवढेच विचारले की ती भिंत आता कोण बांधणार आहे. तो म्हणाला, “कोणीतरी नवा येईल.” “त्याला या म्हाताऱ्याने सांगितलेले ठाऊक असेल का?” त्यावर तो काही बोलला नाही. मी दहा दिवसांनी निघालो तेव्हा राजीनामा टेबलाच्या खणातच होता, आणि भिंतीच्या पायाचे खोदकाम सुरू झाले होते. दगडगोट्यांच्या गाड्या उतरवताना तो स्वतः उभा राहत असे. म्हातारा रोज संध्याकाळी काठी टेकीत येऊन पाहून जाई, हे मला जाण्यापूर्वी दोनदा दिसले.

कोसाडला परतलो तेव्हा मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. परस भेगाळून गेला होता. आधी मी खड्डा खणला, पाणी ओतले. ते भेगांतून ताबडतोब नाहीसे झाले, आणि मी क्षणभर फसलो. मग भेगा मिटेपर्यंत दोन दिवस पाणी घातले व पुन्हा खड्डा भरला. सकाळी ओतलेले पाणी संध्याकाळी तसेच होते. पटेलकाकांना बोलावून आम्ही परसाच्या कडेने गुडघाभर खोल चर काढला आणि तो रस्त्याच्या गटारापर्यंत उताराने नेला. मधोमध विटांचे तुकडे व मुरूम टाकून, वर शेणखत आणि वाळू मिसळलेली माती रचून मांडीएवढा उंच ओटा केला. वाळू विकत आणावी लागली, याबद्दल सौभाग्यवतींनी जे ऐकवले ते येथे लिहीत नाही. कुंपणभिंतीविषयी एका गवंड्याने सांगितले की अशा जमिनीत तळाशी फुगीर असलेल्या खोल खांबांवर बांधकाम उभे करतात. ही युक्ती रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काढलेली आहे. खर्च ऐकून मी तडा तसाच ठेवला. भिंत माझी आहे, तिच्याखाली कोणाचा गोठा नाही.

चौथे कलम ओट्यावर लावले. पावसाळ्यात चरातून पाणी वाहताना दिसे, ओट्याच्या पायथ्याशी एखादा दिवस थांबे आणि जाई. पाने अजून हिरवी आहेत. पण आंब्याचे अद्याप काही सांगता येत नाही, दुसरा पावसाळा पाहावा लागेल.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नारकंड्याकडे तीन दिवस सतत पाऊस झाल्याचे बातम्यांत ऐकले. रात्री नऊ वाजता चिरंजीवाचा फोन आला. मागे पावसाचा आवाज येत होता. तो भिंतीपाशीच उभा होता, हातात विजेरी घेऊन.

“बाबा, भोकांतून पाणी येते आहे. सगळ्या भोकांतून.”

“गढूळ की स्वच्छ?” मी विचारले. माती वाहून येऊ लागली तर मागचा थर फसला, एवढे आता मलाही ठाऊक झाले होते.

तो खाली वाकला असावा. थोडा वेळ नुसता पाऊसच ऐकू आला.

“स्वच्छ,” तो म्हणाला. “आईला द्या फोन.”